जिनच्या पोरांसाठी पुस्तक

अरे, ऐका तर! प्रकाशा गावच्या जत्रेत पुस्तकवाल्यासमोर माझ्यापुढे दोघी उभ्या. धनुबाई जिनमधल्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यातल्या, बायांची तान्ही पोरं सांभाळते. कौसाबाई तिथंच कामाला, कडेवर तिची पोरगी.

"धनुबाई, परत देवना चित्रंनं पुस्तक नको वं. पोरे पाने चाटतस, वर पाय देतस. त्यामुळेच आम्ही चार जणी पोरे तुन्हाकडे न ठेवता मशीनपासे निजाडतस."

"मंग गायनं लेऊ?"

"गाय बी देवच शे."

"हत्ती?"

"गणपती!"

"मंग गधडं लेस!"

"शीतळामायनं वाहन! गावमा देवीनी साथ शे, काही बी बोलू नको!"

"आते तूच सांग. काल तुन्ही पोरना नाकमा कापूस गया, निळी पडनी ती. उद्या काय करशी?"

तेवढ्यात पोरीनं हात लांबवून एक पुस्तक ओढलं आणि कोपरा थेट तोंडात.

"अवं, काढ! काय शे त्यावर?"

"रांगता बाळकृष्ण."

कौसाबाईनं वाकून चित्र बघितलं.

"काढू का, कौसाबाई?"

"ऱ्हाऊ दे. तो तं माती खायेल शे."

"मंग?"

"हाईच ले. उद्या सकाळे पोरले तुन्हाकडे लई येसू."