गायरानातलं सोनं

आमच्या आबारावांचं ऐका, मग चहा प्या, न्हायतर ठसका लागंल.

निरवांगीकडच्या आमच्या गायरानात गवताची काडी उरली नव्हती. म्हणून बाभूळ, बोर, कडुनिंब, आपटा अशी इथलीच झाडं मिसळून लावायची, सावली झाली की गवत परत येईल, असं ठरलं. त्यासाठी गावानं नेमलेल्या समितीचे अध्यक्ष आबाराव. भाषणात म्हणाले, "शेळीचं तोंड म्हंजी झाडाचा काळ. शेळ्या बंद!"

मी शेळ्या दारात बांधल्या. दोन वर्षं त्यांचा चारा डोक्यावरून वाहिला, मान मोडली, पण झाडं कमरेला लागली.

दसऱ्याला संध्याकाळी आबाराव दारात हजर. डोक्यावर कडक टोपी, काखेत आपट्याच्या फांद्यांचा भारा.

"सुमन, सोनं घे, सोन्यासारखी राहा."

"आबा, एवढा आपटा कुठनं आणला?"

"आपल्याच गायरानातला की! औंदा बाजारात जायलाच लागलं न्हाय. सगळ्या गावाला पुरला."

"मग झाडाला काय ठिवलं?"

"अगं, सणाचं हाय. फुटंल परत."

माझं टाळकंच सरकलं. पण मी तोंड उघडायच्या आत खुंट्याच्या शेळीनं मान लांबवली, त्यांच्या काखेतली फांदी ओढली अन् कराकरा चावायला लागली.

"अगं आवर तिला! सणाचं सोनं खातीया!"

म्हटलं, "खाऊ द्या, आबा. झाड तर तुमीच खाल्लंय. ती बिचारी तुमचं उष्टं खातीया."