चार हात जागा

नाही, पण मला एक सांगा, लेकीनं बापाला विचारायचे प्रश्न काय कमी आहेत? जेवलात का विचार, गुडघा कसा आहे विचार, आत्या गोळ्या घेते की गादीखाली ठेवते ते विचार. पण नाही. विमानानं सहा तास लांबच्या बेटावरून पोरगी फोन करते आणि विचारते, "बाबा, राहायचं कुठं ते तुम्ही ठरवाल ना?" आता हा काय बापाला विचारायचा प्रश्न झाला?

साधा मंगळवार होता, तुम्हाला सांगतो. मी शाळेतून आलो होतो, एक चप्पल काढली होती, एक पायातच होती, पोशीआत्या अंगणात सूप घेऊन नाचणी पाखडत होती आणि तिचा भुसा बरोबर माझ्याच तोंडावर येत होता, आणि फोन वाजला. कविता. माझी एकुलती एक लेक, मॉरिशसला म्हाताऱ्या माणसांच्या एका दवाखान्यात नर्स आहे. म्हणाली, "बाबा, दिवाळीच्या सुट्टीतलं तुमचं तिकीट काढलं. आठ दिवस. आता नाही म्हणायचं नाही." मी नाही म्हणणारच होतो, पण तोंडात भुसा होता.

आता तुम्ही म्हणाल, लेकीकडं जायचं तर राहायचं कुठं हा प्रश्न येतोच कुठून? मीही तेच म्हटलं. तर म्हणे तिच्या वसतिगृहात पुरुषांना प्रवेश नाही. म्हटलं, "मी पुरुष कुठं, मी बाप आहे." म्हणाली, "बाबा, इथल्या बाईला हे पटणार नाही." आणि विमानातून उतरल्यावर कागदावर पत्ता लिहायचा असतो म्हणे, कुठं उतरणार आहात त्याचा. पत्ता नाही तर गुरुजी पुढं नाही. तर तिनं पाच जागा फोनवर पाठवल्या, म्हणाली, "यातली एक रविवारपर्यंत ठरवा. नाहीतर मी समजेन की गेल्या वर्षीसारखंच तुम्हाला यायचं नाही."

गेल्या वर्षी मी प्रशिक्षण आहे म्हणून सांगितलं होतं. प्रशिक्षण होतं एका दिवसाचं, जव्हारमध्येच. तिनं ते कुठून शोधून काढलं देव जाणे.

मी म्हटलं, "अगं, तूच ठरव की. मला काय, चार हात जागा पुरे."

हे माझं जुनं वाक्य आहे. सव्वीस वर्षं मी हे वाक्य उज्ज्वलापुढं म्हणत आलो, आणि ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "चार हात पुरे म्हणता आणि त्या चार हातांत चाळीस खोड्या काढता." उज्ज्वला म्हणजे माझी बायको. तिला जाऊन दोन वर्षं झाली. सांगायचा मुद्दा हा की आमच्या घरात जागा निवडायचं खातं तिचं होतं. नाशिकला लग्न असो, पालघरला निवडणुकीचं काम असो, सप्तशृंगीला जाणं असो, मी दोन पिशव्या घेऊन रस्त्यावर उभा, आणि ती लॉजच्या खोलीच्या उंबऱ्यात. एकदा वास घ्यायची, गादीवर पंजा दाबायची, पाण्याच्या भांड्यात डोकावायची, आणि मागं वळून म्हणायची, "पिशव्या आत घ्या," नाहीतर "पिशव्या उचला." संपलं. एक मिनिट. तिचं चुकलेलं मला आठवत नाही. आता मला सांगा, पिशव्या धरणाऱ्या माणसानं एकदम जागा कशी निवडायची, आणि तीही फोनमधून, जिथं वासही येत नाही?

बरं, फोटो तरी उघडावेत की नाही? आमच्या साखरशेतला घराच्या एका कोपऱ्यात रेंज आहे, तिथं बोलणं होतं, पण फोटो उघडायचा तर तो बिचारा अर्धाच येतो… पलंगाचे पाय दिसतात, पलंग दिसत नाही. म्हणून जीपवाला संदीप म्हणाला, "गुरुजी, शिरपामाळावर चला, तिथं एकदम फुल्ल नेटवर्क." शनिवारी दुपारी त्याची जीप रिकामी होती, निघालो, तर आत्या पुढच्या सीटवर येऊन बसलेली. म्हटलं, "आत्या, तू कशाला?" म्हणाली, "तू निजायची जागा बघनार, मंग मी नको बघू? तुला कळतं काय त्यातलं?" दोन वर्षांत मला हे इतकं स्पष्ट कोणी सांगितलं नव्हतं.

तर बसलो माळावर. समोर दऱ्या, वारा, आणि आम्ही तिघं एका फोनवर डोकी घालून समुद्र बघतोय.

पहिली जागा उघडली. भलं मोठं हॉटेल, निळं पाणी, पांढरा पलंग, पलंगावर फुलांच्या पाकळ्या आणि टॉवेलची केलेली दोन बदकं, चोचीला चोच लावून. आत्या म्हणाली, "ही बदकं कशाला निजवल्यात?" संदीपनं ठाण्यात चार वर्षं गाडी चालवली आहे, त्याला सगळं माहीत. तो हळूच म्हणाला, "गुरुजी, ये हनीमूनवाला है. पुढं चला." पण मी जरा विचारात पडलो, की रात्री झोपायच्या वेळी त्या बदकांना उठवायचं कोणी? मी? आणि उठवून ठेवायचं कुठं? नको. पिशव्या उचला.

दुसरी. खोली झकास, पण न्हाणीघराची भिंत काचेची. आरपार. मी म्हटलं, "हे काय?" संदीप म्हणाला, "फॅशन आहे, गुरुजी. आणि तुम्हाला काय, खोलीत दुसरं आहे कोण?" तो बोलून गेला आणि मग उगीच जीपचा टायर बघून आला. आत्या म्हणाली, "दुसरं कोन नसंल म्हनून काय झालं? आपलं आपल्याला नाय का दिसत?" पुढं चला.

तिसरी, तुम्हाला सांगतो, तिसरी तर… झोपडी. सरळ झोपडी. मातीनं लिंपलेला कूड, वर गवताचं छप्पर, दारात कंदील, आणि पाचांमध्ये सगळ्यात महाग तीच. संदीप हसून हसून गवतात आडवा. "गुरुजी, हा तर आपला पाडा." मी कारवीच्या कुडाच्या घरात वाढलो, पावसाळ्यात कुडातून येणारा वारा पाठीवर घेऊन पाढे पाठ केले, उज्ज्वलानं मागं लागून लागून पक्क्या भिंती बांधून घेतल्या, आणि आता मी विमानात बसून परत कुडात जायचं? आत्यानं मात्र फोन हातात घेतला, छपराचा फोटो बोटानं मोठा करून बघितला, आणि म्हणाली, "शाकारनी नीट नाय केली. गळंल." नापास. परदेशी झोपडी, साखरशेतच्या परीक्षेत नापास.

चौथीत एका खोलीत आठ माणसं, एकावर एक पलंग. शिक्षक प्रशिक्षणात मी असं पुष्कळ झोपलोय, वरचा गुरुजी घोरला की खालच्याची गादी हलते. नको. मला काय, चार हात जागा पुरे, पण ते चारही हात जमिनीवर हवेत.

इतक्यात काय होतं बघा. मुंबईची एक मंडळी माळावर फोटो काढत होती, त्यातल्या बाई आल्या आणि मला विचारतात, "काका, इथं राहायला चांगलं कुठं आहे?" आणि मी, तुम्हाला सांगतो, मी पोपटासारखा बोलायला लागलो. दाभोशाच्या बाजूला जा, धबधब्याचा रस्ता धरा, अमक्याच्या घरी उतरा, आधी पाणी कुठून भरतात ते विचारा, घरात म्हातारं माणूस आहे का बघा, म्हातारी असेल तर भाकरी वेळेवर मिळेल, अंगणात कोंबड्या असतील तर… बाई वहीत लिहून घेत होत्या. त्या गेल्या, आणि बघतो तर आत्या माझ्याकडं टक लावून बघतेय. म्हणाली, "मंग तिकडं बी हेच इचार की."

आता आली का पंचाईत? पण खरं सांगू का, आत्याचं बरोबर होतं. मी पाचवी जागा उघडली. मादाम लीला म्हणून कोणी बाई, घरातली एक खोली पाहुण्यांना देतात. फोटो चारच, तेही तिरपे. त्याखाली आधी राहून गेलेल्यांच्या तक्रारी. मी एकेक मराठीत करून आत्याला वाचून दाखवली. पहिला म्हणतो, पहाटे चारला कोंबडा आरवतो, झोप होत नाही. आत्या म्हणाली, "कोंबडा हाय? बरं." दुसरी म्हणते, घरातली म्हातारी ताटात काही टाकू देत नाही, ओरडते. आत्या म्हणाली, "ओरडनारच." तिसरा म्हणतो, संध्याकाळी शेजारची माणसं येऊन ओट्यावर बसतात, आपल्यालाही बसवतात, एकांत मिळत नाही. आत्यानं पदर सावरला. "एकांत घ्यायला एवढं लांब जानार का कोनी? इथं नाय का एकांत?"

माझं इंग्रजी पाचवीपर्यंतच्या पोरांना पुरेल इतकं. त्यात मी मादामला लिहिलं, पाणी कुठून येतं, शेजारी कोण आहे, घरात वयानं मोठं कोण. अशी चौकशी आमच्याकडं मुलगी द्यायच्या आधी करतात, पण आत्या सांगत होती आणि मी लिहीत होतो. संदीप म्हणाला, "गुरुजी, ती बाई पोलिसात जाईल." दहा मिनिटांत उत्तर आलं. पाणी छपरावरच्या टाकीतून येतं. शेजारी माझा भाऊ आहे, आमचं बोलणं नाही. मोठी माझी आई, अठ्ठ्याऐंशी वर्षांची, तिचं सगळ्यांशी बोलणं आहे. तुम्ही मासे खाता का?

"हेच घर," आत्या म्हणाली.

मग एक पान उघडलं, तारखा कवितानं भरूनच पाठवल्या होत्या, नाव माझं, आणि खाली माणसं किती, त्यापुढं आधीच छापून आलेलं, दोन. बाजूला आकडा कमी करायची एक बारीक खूण. माझं बोट तिथपर्यंत गेलं होतं. तेवढ्यात ढग खाली आले, संदीप म्हणाला, "गुरुजी, दाबा लवकर, रेंज चालली," आणि मी खालचं मोठं बटण दाबलं.

पुढची गोष्ट थोडक्यात सांगतो, तुम्हालाही घरी जायचंय. पासपोर्ट ट्रंकेत होता. कविता पहिल्यांदा गेली तेव्हा आम्ही दोघांनी काढले होते, एकाच दिवशी, एकाच फोटोवाल्याकडं, आणि उज्ज्वला म्हणाली होती की तुमचा फोटो चोरासारखा आलाय. दोन्ही एकाच पिशवीत होते. मी माझा घेतला. आत्यानं नाचणीचे पापड बांधून दिले, कारण मुक्कामाला जाताना रिकाम्या हातानं जायचं नाही, मग भाडं भरलेलं असो नाहीतर नसो. विमान उतरलं, मी पत्ता लिहिला, त्यांनी सोडलं, आणि बाहेर माझी लेक उभी. दोन वर्षांत जरा वाळली होती. मी म्हटलं, "जेवतेस का?" म्हणाली, "बाबा, आल्या आल्या?" आणि मग पाच मिनिटं माझी पिशवी सोडेना.

मादाम लीला दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं, कविताकडं बघितलं, मग आमच्या मागं गाडीत बघितलं. मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "मॅडम?"

कविता गाडीवाल्याशी बोलत होती. मी म्हटलं, "नहीं आ सकी."

"अगली बार," मादाम म्हणाल्या.

मी खोलीच्या उंबऱ्यात उभा राहिलो. वास घेतला… फोडणीचा होता, कढीपत्त्यासकट. आत दोन खाटा, दोन उशा, दोन टॉवेल, साधे घडी केलेले, बदकं नाहीत. गादीवर पंजा दाबला. पाण्याच्या भांड्यात डोकावलो. आणि मागं वळून मोठ्यानं म्हणालो, "पिशव्या आत घ्या." मागं कोणी नव्हतं. मग मीच घेतल्या.

आणि काय सांगू तुम्हाला, आठ दिवस इतके मजेत गेले. कोंबडा चारला नाही, साडेतीनला आरवायचा. म्हातारी मला तिच्या भाषेत ओरडायची, मी तिला माझ्या भाषेत हो म्हणायचो, दोघांचं उत्तम जमलं. मी पापड भाजायला शिकवले, ते खायला न बोलणारा भाऊ कुंपणावरून आला आणि बहिणीशी बोलला. फक्त "अजून आहेत का" एवढंच, पण बोलला. सकाळी मादाम ट्रेमध्ये चहाचे दोन कप आणायच्या, खोली दोघांची घेतलीय तर कप दोन, हिशेब सरळ. मी दोन्ही प्यायचो.

कविता रोज ड्युटीवरून यायची. पहिल्याच दिवशी तिनं दोन खाटा बघितल्या. म्हणाली, "बाबा, दोघांची खोली का घेतली?"

म्हटलं, "पसरून झोपायला."

"तुम्हाला तर चार हात जागा पुरते."

मी तिच्यापुढं पापड सरकवला. सातव्या दिवशी तिला सुट्टी होती. आली, चपला काढल्या, आणि त्या दुसऱ्या खाटेवर भर दुपारी पाच तास झोपली, लहानपणी झोपायची तशी, भिंतीकडं तोंड करून. मी बाहेर ओट्यावर बसून म्हातारीला खुणेनं सांगत होतो, हळू ओरडा.

निघताना मादामनी डाळिंबांची पिशवी दिली, विमानतळावर ती राहिली ते वेगळं. म्हणाल्या, "अगली बार मॅडम को लाना. यही कमरा रखूँगी." मी हो म्हणालो. परवा शिरपामाळावर रेंज आली तर त्यांचा निरोप होता, पुढच्या दिवाळीला खोली धरून ठेवली आहे, माणसं दोन. संदीप म्हणाला, "गुरुजी, ती खूण दाबा, आकडा कमी होतो."

खूण कुठं असते ते आता मला चांगलं माहीत आहे. दाबायची राहिली आहे.