दोनशे चौदा नंबरची दुसरी उशी

जबाब

ठिकाण: पोलीस चौकी, सेर्लास, वरचं एंगाडिन खोरं
दिनांक: 22 जानेवारी 1994, सकाळी 9 वाजून 20 मिनिटे

नाव: बार्बला फिल्ली. वय: 59 वर्षे. धंदा: नोकरी, हॉटेल क्रेस्तावेर्दे, दुसऱ्या मजल्याच्या खोल्यांची मुख्य. राहणार: हॉटेलच्या मागचं नोकरांचं घर, खोली 6, सेर्लास.

समक्ष चौकीत हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

मी वरील पत्त्यावर एकटी राहते. नवरा सहा वर्षांपूर्वी वारला, मूलबाळ नाही. सदर हॉटेलात मी 1961 च्या हिवाळ्यापासून कामाला आहे. माझा जबाब हवालदार बेझोला टाइप करून घेत आहे. त्याच्या आईबरोबर मी शाळेत होते, म्हणून मी त्याला अरे-तुरे करते. माझं बोलणं नीटनेटकं करत बसू नको, जसं येईल तसं लिही, असं मी त्याला बजावलं आहे.

डॉ. एमानुएल व्होगेलबाख, वय 78, राहणार बाझेल, दातांचे निवृत्त डॉक्टर, यांना मी एकतीस वर्षं ओळखत होते. ते आणि त्यांच्या पत्नी हेडविगबाई 1963 पासून दर जानेवारीत तीन आठवड्यांसाठी यायचे. खोली कायम 214. तिथून तळं दिसतं आणि सकाळचं ऊन लवकर येतं. डॉक्टरसाहेब कमी बोलायचे, आणि हेडविगबाई फटकळ. मला म्हणायच्या, "फिल्ली, या माणसानं अख्ख्या बाझेलची तोंडं उघडली, पण स्वतःचं उघडायचं म्हणजे याच्या जिवावर येतं. तुझ्या नवऱ्याशी बदली करतेस का?" मी म्हणायचे, माझा घोरतो. तर म्हणायच्या, मग राहू दे, माझाही घोरतोच. हे दरवर्षी व्हायचं, आणि डॉक्टरसाहेब दरवर्षी वर्तमानपत्राआड हसायचे.

आमच्याकडे जुन्या पाहुण्यांची एक रीत आहे. हिवाळ्याच्या कपड्यांची पेटी ते घरी नेत नाहीत, ती आमच्या माळ्यावर राहते. पुढच्या वर्षी ते यायच्या दिवशी सकाळी आम्ही पेटी खाली आणतो, कपड्यांना इस्त्री करून ते कपाटात लावतो आणि खोली अशी मांडतो, की पाहुण्याला वाटावं, आपण आत्ताच फिरायला म्हणून बाहेर पडलो होतो. कोणती वस्तू कुठे, हे प्रत्येकाच्या कार्डावर लिहिलेलं असतं. व्होगेलबाखांचं कार्ड माझ्या अक्षरातलं आहे. बाईंचा निळा गाऊन डाव्या उशीवर, सपाता खिडकीच्या बाजूला, वाचायचा चष्मा दिव्याखाली.

डिसेंबरात डॉक्टरसाहेबांचं पत्र आलं. दरवर्षीसारखं एका ओळीचं. 214, 8 जानेवारी, नेहमीप्रमाणे. आमच्याकडे 'नेहमीप्रमाणे' म्हटलं की कार्ड काढायचं आणि अक्षर न् अक्षर पाळायचं. कुणी पाहुणा वारला, तर घरचे कळवतात आणि कार्डावर त्या नावाखाली काळी रेघ ओढली जाते. इथे कुणी कळवलं नव्हतं. डॉक्टरसाहेबांच्या मुलाने ते कळवायचं काम वडिलांवर सोपवलं होतं म्हणे. रेघ नव्हती, म्हणून मी दोन्ही पेट्या खाली आणायला लावल्या.

शनिवार दि. 8 रोजी दुपारी 3 वाजून 40 मिनिटांनी डॉक्टरसाहेब वर आले. मी रिवाजाप्रमाणे जिन्याजवळ उभी होते. ते एकटेच होते. मी त्यांच्या मागे पाहिलं आणि विचारलं, बाई लिफ्टने येताहेत का? ते म्हणाले, नाही, त्या येत नाहीत. मला वाटलं, तब्येत बरी नसेल, नंतर येतील. मी दार उघडलं. ते दोन पावलं आत गेले आणि पलंगाकडे पाहत उभे राहिले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. आमच्याकडे पुरुष चर्चमध्ये आणि दफनभूमीत टोपी काढतात. तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

मी पुढे होऊन गाऊन उचलायला गेले. म्हटलं, डॉक्टरसाहेब, माफ करा, मला कुणी सांगितलं नाही, हे मी आत्ता घेऊन जाते. ते म्हणाले, "राहू द्या, फिल्लीबाई. किती नीट मांडलंत." मग त्यांनी टोपी खुंटीला अडकवली आणि नेहमीच्या खुर्चीत बसले. मी दार ओढून घेतलं आणि कपड्यांच्या खोलीत जाऊन रडले. हे लिहायची गरज आहे का, असं बेझोलाने विचारलं. मी म्हटलं, लिही.

दि. 8 ते दि. 19 अशा बारा संध्याकाळी, साडेसहा वाजता, मी स्वतः 214 मध्ये जाऊन पलंग रात्रीसाठी दोघांचा तयार केला. चादर दुमडायची, गाऊन डाव्या उशीवर पसरायचा, सपाता जोडून ठेवायच्या. सकाळी गाऊनची घडी करायची. हे काम मी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. डॉक्टरसाहेबांच्या मुलाने जी तक्रार केली आहे, तिचा ठपका दुसऱ्या कुठल्याही बाईवर येऊ नये, म्हणून स्पष्ट सांगते. दुसऱ्या उशीवर कुणी डोकं टेकलेलं नसे, तरी तिचा अभ्रा मी दर तिसऱ्या दिवशी बदलत होते.

जेवणघरातला वाढपी बाल्सर डेरुंग्स पहिल्याच रात्री माझ्याकडे आला. डॉक्टरसाहेबांनी दोघांचं टेबल मागितलं होतं. तो म्हणाला, समोरच्या ताटाचं काय करू, सूप वाढू की नको? मी म्हटलं, ताट ठेव, चमचे ठेव, सूप वाढू नकोस, तुझ्या बापाचं काय जातंय? तसं चाललं. मॅनेजरसाहेबांनाही माहीत होतं. ते म्हणाले, पाहुण्याची खाजगी बाब आहे, आपण विचारायचं नाही. आमच्या धंद्यात हे पहिल्या दिवशी शिकवतात. कोण कुणाबरोबर आलं, कोण आलं नाही, कुणाचे डोळे सुजलेत, काही विचारायचं नाही. माझा यात हातखंडा आहे. माझी या कामात ख्याती आहे म्हण ना.

डॉक्टरसाहेब भ्रमिष्ट झाले होते का, असं विचारल्यावरून सांगते की, नाही. बाई गेल्यात हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. ते गाऊनशी बोलत नव्हते, की उशी कुरवाळत नव्हते. मी काम करत असताना ते नुसते बघत बसायचे. पहिले काही दिवस ते चांगले जेवले, दुपारी तळ्यापर्यंत चालून आले. बाई असताना रात्री खिडकी उघडी ठेवायची का, यावरून दोघांची रोज जुंपायची. डॉक्टरसाहेबांना गारठा सोसायचा नाही. आता तेच मला सांगायचे, खिडकी उघडी ठेवून जा. सकाळी खोली बर्फासारखी गार असायची.

दि. 16 च्या संध्याकाळी त्यांनी मला बसायला सांगितलं. पाहुण्याच्या खोलीत आम्ही बसत नसतो. मी बसले. ते म्हणाले, फेब्रुवारीत गेली, इस्पितळात. मी तीन दिवस शेजारी बसून होतो, चौथ्या दिवशी कॉफी प्यायला खाली गेलो, दहा मिनिटं. वर आलो तर नर्स पडदा ओढत होती. मला माझा नवरा आठवला. तो गेला तेव्हा मी 209 मध्ये पडदे लावत होते. हे त्यांना सांगावंसं वाटलं, अगदी ओठावर आलं होतं. पण मी उठून चादर सारखी केली आणि शुभ रात्री म्हटलं. मला त्यांचा लळा लागला होता, हे कबूल करते. संध्याकाळचे साडेसहा कधी होतात याची मी वाट बघायचे.

त्यांचे चिरंजीव श्री. लुकास व्होगेलबाख काल दि. 21 रोजी हॉटेलात आले. ते मला 214 मध्ये सर्वांसमोर म्हणाले, "माझी आई मेलीय हे माहीत असून तुम्ही तिचे कपडे मांडत होतात? तुम्हाला मन नाही का हो?" त्यांची तक्रार अशी आहे, की या खेळामुळे वडिलांच्या मनावर परिणाम झाला. मी म्हटलं, मीच मांडत होते. मग त्यांनी विचारलं, कुठला गाऊन? मी म्हटलं, निळा, पांढऱ्या काठाचा. ते पलंगाच्या कडेला बसले आणि लहान पोरासारखे रडले. मी त्यांना पाणी दिलं. माझी त्यांच्याविरुद्ध काही तक्रार नाही. त्यांच्या जागी मी असते, तर मीही तेच बोलले असते.

गुरुवार दि. 20 ची हकीकत अशी. सकाळी 10 वाजता डॉक्टरसाहेबांनी मला बोलावलं आणि बाईंची पेटी भरायला सांगितली. फक्त बाईंची. मुक्काम अजून नऊ दिवस होता. मला हायसं वाटलं. मी मनात म्हटलं, चला, माणूस सावरला. मी प्रत्येक कपड्यात पातळ कागद घालून पेटी भरली, चष्मा लोकरीच्या मोज्यात गुंडाळला. अर्धा तास लागला. ते खुर्चीत बसून होते, अधूनमधून सांगत होते, हा स्वेटर तिने इथेच विणला, हा मफलर माझा, पण तिनेच वापरला. मफलर मी बाहेर ठेवू लागले, तर म्हणाले, असू दे तिच्यातच. जिन्यात बाल्सर भेटला. त्याला मी म्हटलं, आज रात्री एकाच ताटाचं टेबल लाव, डॉक्टरसाहेब बरे झाले. तो म्हणाला, बरं झालं बाई, त्या रिकाम्या ताटासमोर माझाच घास अडकत होता.

दुपारी 2 वाजून 10 मिनिटांनी ते मोठ्या दाराने बाहेर पडले. अंगात कोट होता, हातात काठी. मी कपड्यांच्या खोलीत टेबलक्लॉथच्या घड्या घालत होते, तिथल्या खिडकीतून दिसलं. ते तळ्याकडे न जाता जंगलातल्या चढावर वळले. तो रस्ता हिम घसरतं म्हणून दहा दिवस बंद आहे, तिथे पाटी आहे. पाटीजवळ ते थांबले, मग बाजूने पुढे गेले. मी घड्या घालत राहिले. सव्वाचारपर्यंत परतले नाहीत, तेव्हा मी खाली जाऊन सांगितलं. 5 वाजता शोधायला गेलेल्या माणसांना ते वरच्या बाकावर बसलेले सापडले, जीव गेला होता. अंगावर जखम नव्हती. गावचे डॉक्टर म्हणतात हृदय, आणि थंडी. त्यातलं मला कळत नाही.

त्या सकाळी ते आणखी काही बोलले का, असं बेझोलाने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी नाही म्हणाले. ते खरं नव्हतं. आता सांगते.

पेटी भरून झाल्यावर मी तिला माळ्याची चिठ्ठी लावायला गेले. ते म्हणाले, माळ्यावर नको, आणि त्यांनी खिशातून स्वतः लिहिलेली चिठ्ठी काढून दिली. तिच्यावर मुलाचा पत्ता होता. मी ती बांधली. मग मी म्हटलं, आणि आपली पेटी, डॉक्टरसाहेब, ती महिनाअखेरीला नेहमीप्रमाणे माळ्यावर ना? ते माझ्याकडे बघून हसले. वर्तमानपत्राआड हसायचे तसं नव्हे, सरळ माझ्याकडे बघून. म्हणाले, "फिल्लीबाई, पुढच्या वर्षी ही खोली कुणालाही देऊन टाका."

मला कळलं. मी काही खुळी नाही, चौतीस हिवाळे माणसं बघितली आहेत. त्यांचा हात धरून म्हणायला हवं होतं, की असं बोलू नका, थांबा, मी आत्ता मुलाला फोन लावते, आज दुपारी मी तुमच्याबरोबर फिरायला येते, कामाची पर्वा नाही. हे सगळं त्याच क्षणी माझ्या मनात आलं, नंतर नव्हे. ते वाट बघत होते. निदान मला तसं वाटलं.

मी म्हटलं, "जशी आपली इच्छा, डॉक्टरसाहेब."

आणि दार ओढून घेतलं.

वरील मजकूर बेझोलाने मला आमच्या खोऱ्यातल्या बोलीत सावकाश वाचून दाखवला. मी सांगितला तसाच तो उतरला आहे आणि खरा आहे. शेवटचा भाग तक्रारीच्या कामाला लागणार नाही, खोडू का, असं त्याने विचारलं. मी खोडू दिला नाही.

सही: बार्बला फिल्ली

माझ्यासमोर: हवा. बेझोला, पोलीस चौकी सेर्लास
वेळ: 11 वाजून 5 मिनिटे