हैबतकाकांच्या रानातले खड्डे

पौडच्या थांब्यावर मालेला जाणाऱ्या गाडीसाठी रांग होती. माझ्या पुढे एक शेतकरी आणि त्यांच्या गावात भाड्यानं राहणारी, कंपनीत जाणारी मुलगी. ती मोबाइलवर बातम्या वाचत होती.

“हैबतकाका, काही देश भूसुरुंगबंदीच्या करारातून बाहेर पडतायत.”

“बराबर करत्यात. आपली हद्द, आपली मर्जी. मी तरी ग्रामसभेत सही कुटं केली?”

“कशावर?”

“डुकरांसाठी रानात खड्डे खणायचे न्हाईत म्हणं. मी म्हणलं, रान माझं, खड्डे माझे. चांगले बारा खणले, वर गवत पसरलं.”

“डुकरं सापडली?”

“शेजारच्या रानातल्या शेखरची शेळी सापडली. मग मीटर बघायला आल्याला माणूस.”

“सुरुंगांचंही तेच, काका. सैनिक कोण, शेळी कोण, त्यांना कळत नाही.”

“शेळीला कळाया नको, दुसऱ्याच्या रानात शिरू न्हाई ते?”

“खड्डे कुठेकुठे आहेत ते लिहून ठेवलंय ना?”

“माझंच रान, मी कशाला लिहू? पण पावसात गवत लई वाढलं.”

“अहो, भात कापायला आलंय!”

“मजूर बांधावरनंच माघारी गेले. मीबी आठ दिस शेखरच्या रानातनं घरी जातोय.”

“मग आता?”

“आता उतरलो की थेट पंचायतीत. म्हणणार, सगळ्या गावानं काठ्या घेऊन या अन् खड्डे हुडकून द्या.”

“आणि सही?”

“सही कशापायी? माझ्या रानात गावानं नाक खुपसल्यालं मला चालायचं न्हाई.”