मला कळलं, तिथेच चुकलं

...आणि वर मलाच म्हणते, "काकू, जाताना दार लोटून घ्याल?" मला! जिच्याकडे त्या दाराची दुसरी किल्ली असते, तिला! बरं, मी गेले कशाला होते? साखर द्यायला. त्यांनी मागितली नव्हती, ते सोडा, पण तिच्या घरी जमलेली एवढी माणसं चहा पिणार म्हणजे साखर संपणारच की नाही? जाऊ दे. आपल्याला काय करायचंय म्हणा!

तुम्हाला सांगते, ही रुचिरा माझी शेजारीण. तीन वर्षांपूर्वी पनवेलला आली, एकटी, बायोटेक कंपनीत नोकरी. औषधं शोधणारी नव्हे हां, शोधणारे वेगळे. त्यांनी आत काय शोधलं ते साध्या माणसाला कळेल असं लिहायचं, हे हिचं काम. म्हणजे आत काय चाललंय ते बाहेर सांगायचं! अहो, हे तर मी या बिल्डिंगमध्ये इतकी वर्षं फुकट करतेय!

तर रोज संध्याकाळी ती कागद घेऊन माझ्याकडे यायची. आमचे हे न्हावाशेव्याच्या बंदरावरून कामाहून येईस्तोवर घर नुसतं खायला उठतं, तेवढीच सोबत. मी चहा ठेवायचा, तिने वाचायचं, आणि माझ्या कपाळाला आठी पडली की हिने लगेच ते वाक्य खोडायचं! "काकू, तुम्हाला कळलं म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राला कळलं," म्हणायची. दहावीला गणितात दोनदा बसलेली बाई मी... माझ्या कपाळाला एवढी किंमत कुणी दिली नव्हती हो.

आणि मग उगवला तो कॉन्फरन्सचा आठवडा! वाशीला मोठ्ठी परिषद, कुठकुठल्या कंपन्या, आणि त्यांच्याबरोबर हिच्यासारखी लिहिणारी पोरं. ही मला म्हणते, "काकू, आमच्या लोकांची कम्युनिटी बांधायचीय. आठवडाभर रोज संध्याकाळी सगळे माझ्याकडे." रोज संध्याकाळी! अगं, ती माझी संध्याकाळ! पण मी आपलं म्हटलं, "बांध हो, छान," आणि घरी येऊन एकटीपुरता केलेला चहासुद्धा उतू घालवला.

झालं, आठवडाभर दाराबाहेर चपलांचा ढीग आणि आत हशा. मी ऐकत नव्हते, भिंत पातळ आहे. एक हेतल, बडोद्याची, "आमचे शास्त्रज्ञ म्हणतात, तू आमचं संशोधन पार बाळबोध करून टाकलंस! आणि साहेब म्हणतात, त्यात कुठेतरी 'क्रांतिकारी' घाल ना!" मग एक पुण्याचा विश्वजीत, नाकातून, "अख्ख्या कंपनीत हे काम करणारा मी एकटा. डबासुद्धा एकटाच खातो." आणि मग आमची रुचिरा... रडली! "मला वाटायचं, मीच कमी पडते," म्हणाली. हे मला कधी सांगितलं नाही हो तिने! तीन वर्षं माझा आल्याचा चहा प्यायली आणि रडायला काय, ही काल आलेली माणसं? आपल्याला काय करायचंय म्हणा!

वर असं ठरलं, की आता ह्यांनीच एकमेकांचं वाचायचं. म्हणजे माझी नोकरी गेली!

पण देव असतो हो. शेवटच्या संध्याकाळी हेतलने वाचलं, सगळ्यांना कळलं. रुचिराने वाचलं, तेही कळलं. कळणारच, सगळे त्यातलेच! मग अडतंय कुठे ते सांगणार कोण? तेवढ्यात रुचिरा म्हणाली, "थांबा, आमच्या काकूंना बोलावते!" मी दारातच होते. तरी परत घरात पळाले, बरी साडी नेसले, जरा वाट बघायला लावली आणि मग गेले.

मधली खुर्ची दिली मला! सगळे टक लावून माझ्या कपाळाकडे बघतायत, विश्वजीत वाचतोय, इन्सुलिन, जिवाणू, जनुक... आणि माझ्या कपाळाला आठीच पडेना! मी म्हटलं, "सोप्पं आहे रे बाळा. जिवाणूला आपली कृती द्यायची आणि इन्सुलिन त्याच्याकडून करवून घ्यायचं, टाक्याच्या टाक्या! भाजीवाल्या जगनलाही सांगून झालंय माझं." मला वाटलं, आता टाळ्या. कसल्या टाळ्या? चेहरे पडले सगळ्यांचे! विश्वजीत म्हणतो, "या तर आपल्यातल्याच निघाल्या. यांचा काही उपयोग नाही!" आणि रुचिरा माझा हात धरून हळूच, "काकू, अहो, तुम्हाला आता सगळंच कळायला लागलंय..." जसं काही दुखणंच जडलंय मला!

मग बोलावलं कुणाला? तळमजल्यावरच्या चंद्रावतीला! बिल्डिंगखालची जमीन मुळात तिच्या सासऱ्याची, बाई कुणाला भीत नाही. ऐसपैस बसली आणि पहिल्याच ओळीला, "थांब रं पोरा. जनुक म्हंजे काय?" सगळे भराभरा लिहून घेतायत! दुसऱ्या ओळीला, "मना काय समजला नाय." टाळ्या! न कळल्याबद्दल टाळ्या हो!

झाली त्यांची कम्युनिटी. मलाही घेतलंय ग्रुपमध्ये, गळ्यात अडकवायचं कार्डसुद्धा दिलं. पण संध्याकाळी रुचिरा कागद घेऊन जाते ती खाली!

मीही कच्ची नाही. म्हटलं, चंद्रावतीलाच शिकवून टाकावं, कळायला लागलं की तीही बाद! रोज दुपारी खाली जाऊन बसते. पेशी सांगितली, जनुक सांगितलं, मोदकाच्या साच्याचं उदाहरण दिलं, चित्र काढलं. ती तांदूळ निवडत मन लावून ऐकते, मान डोलावते, आणि शेवटी काय? "सांगतंस गोड बाय. पन मना काय समजला नाय."

परवा अगदी वैतागून ग्रुपवर लिहिलं, "आमच्या बाईंना काही केल्या कळत नाहीये, माझंच चुकतंय का?" धडाधड उत्तरं! हेतल, "काकू, माझंही अगदी अस्संच!" विश्वजीत, "काकू, आम्ही आहोत ना!" आणि रुचिरा? ती तर वरच आली. चहा मागितला, साहेबांच्या नावाने बोटं मोडली, डोळे पुसले... माझ्याकडे हो, माझ्याकडे! मी म्हटलं, "आण बाई तो कागद, वाच."

तर कागद खाली. चंद्रावतीकडे ठेवून आलेली.

आपल्याला काय करायचंय म्हणा... इतकं न कळायलासुद्धा नशीब लागतं हो!