जाळीघराच्या दारातला पिवळा स्वेटर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, म्हणजेच या संशोधन संस्थेचे संचालकसाहेब. व्यासपीठावर गुच्छ कुठे ठेवावा या विचारात बसलेले मान्यवर पाहुणे. समोरचे शास्त्रज्ञ, विद्यार्थी, शेतावर आणि कचेरीत राबणारी सगळी मंडळी. लांबून आलेले बागायतदार. चहा कधी मिळणार या एकाच प्रश्नाने व्याकूळ झालेले आमचे नातेवाईक. आणि आजच्या सत्कारमूर्ती, म्हणजे आज निवृत्त होणारी माझी सून. सगळ्यांना या म्हातारीचा नमस्कार.

कुटुंबाच्या वतीने दोन शब्द बोलायला खरं तर माझ्या मुलाला सांगितलं होतं. तो म्हणाला, आई, मी हिच्यासमोर घरात बोलत नाही, इथे कुठून बोलू? म्हणून मी उभी राहिले. मला लिहिता-वाचता येत नाही. त्यामुळे हातात कागद नाही, आणि कागद नसला की माणसाला थांबायचं कुठे ते कळत नाही, हा धोका संयोजकांनी आधीच ओळखायला हवा होता. पहिल्या रांगेत माझी नात बसली आहे. मी बोलेन ते ती उतरवून घेणार आहे, तुमच्या स्मरणिकेसाठी. तिला बजावलंय, आजीचं बोलणं सुधारायला जाऊ नकोस.

ही पिशवी मी इथे टेबलावर ठेवते. यात काय आहे ते शेवटी सांगेन. आधी कामाचं बोलते. या इमारतीच्या मागे एक जाळीघर आहे. आमच्या सूनबाई तिथे पांढऱ्या माश्या पाळतात. ते पाडून तिथे गाड्यांसाठी छप्पर घालायचं घाटतंय. बाईच निवृत्त झाल्या तर माश्या कुणी सांभाळायच्या, असा प्रश्न आहे म्हणे. साहेबांची सही अजून व्हायची आहे. सून घरात याबद्दल चकार शब्द काढत नाही. पण आठवडाभर ती रोज एकेक रिकामा पिंजरा घरी आणते आणि घासून घासून धुते. स्वतःचा चहाचा कप विसळायचा आळस असलेली बाई पिंजरे घासायला लागली, की सासूला कळतं कुठे दुखतंय ते.

आता तुम्ही म्हणाल, माश्यांचं एवढं काय कौतुक?

मीही तेच म्हणाले होते. लग्न होऊन ती घरात आली तेव्हा मी विचारलं, तू नेमकं करतेस काय? म्हणाली, आजारी झाडं बघते. मी म्हटलं, म्हणजे डॉक्टरच की. तर म्हणाली, हो, पण माझ्या पेशंटना बोलता येत नाही. मला हेवाच वाटला. मग तिने समजावलं, की झाडाला पाय नसतात, तरी एका झाडाचा रोग दुसऱ्याला होतो, कारण कुणीतरी तो नेऊन पोचवतं. माशी आजारी पानात सोंड खुपसते, रस पिते आणि तोंडसुद्धा न पुसता शेजारच्या झाडावर जाऊन बसते. मला लगेच पटलं. आमच्या गल्लीत घराघरांत बातम्या याच पद्धतीने पोचायच्या. पोचवणारी बाई आज चौथ्या रांगेत बसली आहे, नाव घेत नाही.

तर आमच्या सूनबाईंनी जन्मभर या चहाडखोरांचा पाठलाग केला. कुठली माशी, कुठला तुडतुडा, कुठला मावा कुठला रोग नेतो, किती वेळ पोटात ठेवतो. तोंडात काचेची नळी धरायची, नळीच्या टोकाला बारीक कापड लावायचं आणि श्वास ओढून एकेक माशी नळीत घ्यायची. तिचा नवरा म्हणायचा, हिच्याशी भांडायची सोय नाही, फुप्फुसं लोहाराच्या भात्यासारखी झाली आहेत. प्रयोगाआधी काही किडे उपाशी ठेवावे लागतात. एकदा घरी पाहुणे जेवायचे खोळंबले आणि ही उशिरा येऊन मोठ्या आनंदाने सांगते, आज सगळ्यांना उपाशी ठेवलं की मस्त काम होतं. पाहुणे पुन्हा आले नाहीत. त्याबद्दल मी तिची कायमची ऋणी आहे.

आता मुख्य गोष्ट. साहेब, तुम्ही खुर्चीत सरसावून बसलात, म्हणजे तुम्हाला कळलंय कुठली.

तेव्हा साहेब संचालक नव्हते. टोमॅटोचं नवं वाण तयार करत होते. माशीमुळे पानं मुरडण्याचा जो रोग येतो, त्याला दाद न देणारं वाण. त्यावर त्यांनी बरीच वर्षं घालवली होती, केसही घालवले होते. ते वाण खरंच टिकतं का, याची परीक्षा आमच्या सूनबाईंकडे. जाळीघरात तिच्या पाळलेल्या माश्या, त्यांना मुद्दाम दिलेला तो एकच रोग. त्या झाडांवर सोडायच्या आणि बघायचं. बघितलं, तर पानं मुरडली. हिने लिहून टाकलं, वाण नापास. साहेबांनी हिच्याशी बोलणं टाकलं. आमची घरं एकाच गल्लीत. समोरून ही येताना दिसली की साहेब पलीकडच्या बाजूला जायचे आणि तिथल्या कुंपणाचं निरीक्षण करायचे. इकडे त्याच अहवालावर हिची बढती पक्की होत आली होती.

त्या थंडीत मी तिला स्वेटर विणून दिला होता. पिवळाधमक. तिने घातला की पोरगी अंधाऱ्या खोलीत दिवा लावल्यासारखी दिसायची. पांढऱ्या माशीला पिवळ्या रंगाचं वेड असतं, हे इथल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही माहीत आहे. हिला तर पाठच होतं. जाळीघरात पिवळं घालून यायचं नाही, हा नियमही हिचाच. म्हणून ही शहाणी काय करायची? दुपारी ऊन चढलं की स्वेटर काढायची आणि जाळीघराची जी दोन दारं आहेत ना, बाहेरचं आणि आतलं, त्यांच्या मधल्या जागेत खुंटीला टांगायची. नियम पाळला म्हणून खूष. संध्याकाळी गारठा पडला की तोच स्वेटर अंगात, वर पांढरा कोट, आणि पाणी घालायला आत. पांढऱ्या कोटाखाली रंग दिसत नाही, हा तिचा युक्तिवाद. कोटाखाली काय बसून येतं, ते कोण बघणार?

एका रविवारी मी तो स्वेटर धुऊन मागच्या अंगणात दोरीवर टाकला. शेजारी माझी वांग्याची झाडं. सून चहाचा कप घेऊन दारात उभी होती. स्वेटरकडे बघतच राहिली. चहा निवला. मला वाटलं, स्वेटरचा रंग गेला म्हणून बिचारीला वाईट वाटतंय, म्हणून मी म्हटलं, अगं, दुसरा विणून देईन. ती म्हणाली, "आई, घरातले सगळे कपडे द्या." कोरडे कपडे कपाटातून काढून तिने दोरीवर टाकले. माझी शाल, तिच्या नवऱ्याची पँट, पाहुण्यांच्या चादरी. शेजारीण कुंपणावरून विचारते, एवढं धुणं कुणाचं? मी म्हटलं, आमच्याकडे कपड्यांची परीक्षा चाललीय. पाहता पाहता पिवळ्या स्वेटरवर माश्यांनी पांढरी रांगोळी घातली. बाकीच्या कपड्यांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. नवऱ्याच्या पँटकडे तर मुळीच नाही.

सून तिथेच पायरीवर बसली. बाहेरचं दार उघडलं की शेतातली माशी आत यायची, खुंटीवरच्या स्वेटरवर बसायची आणि संध्याकाळी कोटाखालून थाटात आत जायची. या बाहेरच्या माश्या दुसराच रोग घेऊन आल्या होत्या, त्यानेही पानं तशीच मुरडतात. म्हणजे साहेबांच्या वाणाने समोरच्या शत्रूला तोंड दिलं होतं आणि मागल्या दाराने आलेल्या चोराने त्याला लुटलं होतं. आणि रोग कोण वाहून नेतं याचा शोध लावणारी बाईच त्या चोराचं वाहन झाली होती.

मला विचाराल तर तिला गप्प बसता आलं असतं. स्वेटरला तोंड नव्हतं, माश्यांना नव्हतं. बढती दारात उभी होती. तिने मला एवढंच विचारलं, सोबत येता का? स्वेटर माझा, मी कशी मागे राहणार?

साहेबांच्या घरी गेलो. वहिनींनी दार उघडलं. साहेब जमिनीवर बसून सायकलचं चाक दुरुस्त करत होते, आम्हाला बघून ते चाक जरा जास्तच मन लावून फिरवू लागले. सुनेने पिशवीतून स्वेटर काढून त्यांच्यासमोर ठेवला आणि सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "तुमचं वाण नापास नाही झालं. परीक्षा घेणारी नापास झाली."

चाक थांबलं. मला वाटलं, आता हा माणूस बोलणार, आणि तसा त्याला हक्कही होता. साहेबांनी स्वेटर उचलला, उलटासुलटा केला आणि म्हणाले, "वीण चांगली आहे." मग चाक भिंतीला टेकवून म्हणाले, "पुन्हा कधी लावायचं?"

साहेब, तुम्ही विसरला असाल. मी नाही विसरले. माझी वीण चांगली म्हणणारा तो पहिला माणूस.

अहवाल तिने मागे घेतला. बढती दुसऱ्याकडे गेली, हिच्याकडे फार उशिरा आली. प्रयोग पुन्हा झाला आणि वाण पास झालं. पहिल्या वर्गात नाही, दुसऱ्या. आमच्या बाई ओळखीवर मार्क देत नाहीत. समोर बसलेले बागायतदार ते वाण लावतात, त्यांनी मान डोलावली, बघा. आणि माझा स्वेटर? या दोघांनी संगनमत करून त्याला ग्रीस फासलं आणि जाळीघराच्या बाहेर बांबूवर चढवलं, येणारी माशी दारातच चिकटावी म्हणून. मी थंडीसाठी विणला, यांनी माश्यांना घातला. विद्यार्थ्यांनी त्याचं नाव ठेवलं पिवळी मावशी. मावशीवर गर्दी वाढली की बागायतदारांना निरोप जायचा, रोपं लावायची घाई करू नका. माझ्या विणकामाने इतक्या लोकांची पिकं वाचवली आणि आभाराचं एक पत्र मला आलं नाही. आलं असतं तरी वाचता आलं नसतं, ते सोडा.

पुढे ही नात झाली, तेव्हा सून दवाखान्यात पडल्या पडल्या विचारते, पाणी घातलं का? मी म्हटलं, बाळाला पाणी नसतं घालायचं गं. ती माश्यांच्या झाडांबद्दल विचारत होती. ते काम तेव्हा साहेबांनी केलं, रोज सकाळी, स्वतः. साहेब, त्या माश्यांना तुम्हीही वाढवलंय. आज जाळीघरात आहेत त्या त्यांच्याच खापरखापरपणत्या. एकही रोग अंगाला लागू न देता पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या. अशी माशी बाजारात मिळत नाही. एकदा गेली की पुन्हा पहिल्यापासून. आणि वाण टिकतं की नाही हे विचारायचं तर आधी निरोगी माशी लागते, मग तिला मोजूनमापून आजारी करायचं, हे मला शिकवणारी माझी सूनच.

सांभाळणारं कुणी नाही, हेही खरं नाही. तिची शेवटची विद्यार्थिनी तिथे खांबामागे उभी आहे. नोकरी कच्ची आहे तिची, पण हात पक्का आहे. सूनबाई आठवड्यातून दोन सकाळी येऊन तिला तयार करतील, पगार नको म्हणतात. हे त्या सांगणार नाहीत. मी चहाडखोर माशी आहे, मी सांगते.

आता ही पिशवी. यात दोन स्वेटर आहेत. एक पिवळा, एक करडा. त्या दिवसापासून आजपर्यंत माझ्या सुनेने अंगाला पिवळा धागा लावलेला नाही. जाळीघर बंद झालं तर तिला पिवळा देईन. घरी बसेल, अंगणात मिरवेल, मला म्हातारीला सोबत होईल. खरं सांगू, मला त्यात आनंदच आहे. आणि जाळीघर राहिलं, तर तिला तिथे जायचंय, म्हणून करडा. कुठला द्यायचा, ते मी नाही ठरवायचं. अध्यक्षमहाराज, जरा उठता? सावकाश, घाई नाही. चहा तसाही उशिराच आहे.

उठले. पोरी, हे लिही. साहेबांनी हात पुढे केला. करड्यावर ठेवला.

टाळ्या नंतर. साहेब, सभागृहाने पाहिलंय हं, आणि चौथ्या रांगेनेही पाहिलंय, त्यामुळे संध्याकाळपर्यंत गावभर होईल. आता माघार नाही. सूनबाई, चष्मा पुसून झाला असेल तर इकडे ये आणि हा घाल. बघा, बरोबर बसला.

राहिला पिवळा. तो उलगडून दाखवते. केवढा मोठा आहे, नाही? आमच्या सुनेसारख्या दोघी मावतील. साहेब, माप वहिनींनी दिलं. अंदाजाने मी विणत नाही, ज्याच्यासाठी विणायचा त्याच्याच मापाने विणते. पुढच्या वर्षी तुम्हीही निवृत्त व्हाल, तेव्हा घाला. फक्त जाळीघराच्या आसपास फिरकू नका.

तुम्ही एका निरक्षर बाईला एवढा वेळ माईक दिलात, त्याबद्दल संस्थेचे, मान्यवरांचे आणि दोनदा घड्याळ बघूनही मला न थांबवणाऱ्या सूत्रसंचालकांचे मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात कुणाला लागलं असेल तर पोटात घाला. आणि स्मरणिकेत काही चुकलेलं आढळलं, तर माझी नात लिहिताना चुकली असं समजून तिला क्षमा करा.