खाडीवाल्यासाठी चर

म्हाताऱ्यांच्या शहाणपणाचं मले सांगूच नका, भाऊ. कॉलेज सोडून शेतीत आलो तवापासून मी काकाच्या मागं लागलो होतो, "तुमच्या वरच्या वावरात आडवा चर खंदू द्या, दर पावसाळ्यात माह्या वावरातली माती वाहून चालली." काका म्हणे, "फूटभर जागा भेटणार नाही."

यंदा पाणलोटवाल्या साहेबांनी पिंपळगाव राजा गावात बैठक घेतली. आपली माती पूर्णेतून तापीत, अन् तापीतून पार समुद्राच्या खाडीत जाते म्हणे. तिथला एक मासे धरणारा माणूसच त्यांनी सोबत आणला होता. तो काकासमोर हात जोडून म्हणाला, "चाचा, आपकी मिट्टी में हमारी नाव फँसती है."

काका तिथंच विरघळला. "खंदा बे चर! पाहुणा इतक्या दुरून आला!"

मी भडकलो. "काका, मंग मी इतके वर्ष काय मागून राह्यलो होतो?"

"तू घरचा," काका शांतपणे म्हणाला. "घरच्याले एकदा दिलं का त्याचा हक्क होते."

चर झाला, माती थांबली. आता काकाचे पाय धरू का गचांडी, तेच समजून नाही राह्यलं.